एकच पाटी

"पाटी एकच आहे," साहेब म्हणाले, "आणि नामशेष व्हायला टेकलेले प्राणी दोन. आता तुम्हीच ठरवा."

मुंबईच्या कुठल्याशा मंडळाचे हे साहेब पोलादपुराजवळच्या त्या गावात जीप घालून आले होते. सावित्री नदीच्या डोहात पाणमांजरं राहतात आणि काठच्या भातखाचरांत मोठाले पिवळे बेडूक, हे ऐकूनच त्यांना भरून आलं होतं. पाणमांजराचं कातडं आणि बेडकाची तंगडी, दोन्हींना विलायतेत गिऱ्हाईक. दोघांनाही वाचवायची मंडळाची फार इच्छा. पण रंगारी एकाच पाटीवर दमला होता.

गाव देवळात बसलं. बेडकाच्या बाजूनं कुणी उठेना. अंगानं बुळबुळीत, पाऊसभर बोंबलणारा. त्याला आपला कोण म्हणणार? पाणमांजराचं मात्र सगळंच खानदानी. मऊ कातडं, पाटलाला लाजवतील अशा मिशा, शिवाय पोरांना अंगावर पाजणारं. सयाजीनं तर हट्टच धरला. डोह त्याच्या शेताखाली. मुलगा मुंबईला गिरणीत गेल्यापासून दुपारची भाकरी तो काठावर बसून खायचा, आणि समोर पाण्यात दंगा करणारी पाणमांजरांची जोडी हीच त्याची सोबत. जीव होता त्याचा त्यांच्यावर.

"बेडूक काय, कुठं पण गावतील," तो म्हणाला. "माज्या जोडीला वाचवा, साहेब."

साहेबांनी वाचवलं. कशेडी घाटाकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांनाही दिसावी अशी ठळक पाटी हमरस्त्याला ठोकली: 'या डोहात दुर्मिळ पाणमांजरे आहेत. मारू नयेत.' खाली डोहाकडे जाणारा बाणही काढला होता. रंगारी हौशी.

तोवर गावाबाहेर त्या डोहाचा कुणाला पत्ता नव्हता. आता वाचणारे पुष्कळ निघाले. शिमग्याच्या आत एक कातडीवाला बाणाबाणानं खाली उतरला, डोहावर फासे लागले आणि जोडी गेली. सयाजी भाकरी घरातच खाऊ लागला. पाटीला मात्र कुणी धक्का लावला नाही.

आषाढात साहेब पुन्हा आले. पाणमांजरांबद्दल त्यांनी रीतसर हळहळ व्यक्त केली आणि जीपमधून नवीकोरी पाटी काढली. "या खेपेला बेडकांचा नंबर. कुठं आहेत, दाखवा."

गाव सयाजीकडे बघू लागलं.

"बेडूक?" सयाजी म्हणाला. "आमच्याकडं बेडूक नाय, साहेब. बापजन्मी आवाज ऐकला नाय."

साहेबांनी कानामागे हात धरला. खाचराखाचरातून बेडकांचा असा काही गिल्ला चालला होता, की सयाजीला तेच पुन्हा ओरडून सांगावं लागलं.