कौलावरचा दात

"आई, रेवाचा पडलेला दात कुठाय?" शर्वाणीनं बर्फाचा डबा उघडत विचारलं.

"सकाळीच तिला कौलावर फेकायला लावला. नवा लवकर येतो ना," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "अगं बाई!"

शर्वाणी पायरीवर मटकन बसली. किरणोपचारांनी तिचा कॅन्सर कधीच गेला होता, पण आता त्याच किरणांमुळे जबड्याचं हाड मरत चाललं होतं. लेकीच्या ताज्या दुधाच्या दातातल्या पेशींपासून डॉक्टर नवं हाड वाढवणार होते. उन्हात तापलेला दात काय कामाचा? म्हणजे पुन्हा पेजच.

रेवा तिला चिकटून बसली आणि जिभेनं शेजारचा दात हलवू लागली.

"आजी, हा फेकायचा नाही हं. हा आईचा. तिला भाकरी खायचीय."