नव्या शेडची खबर

नव्या शेडमधून गाडी परत आली, तेव्हा कारभारीने आधी रिकामे क्रेट पाहिले. तीन आडवेतिडवे पडले होते, एकात कुणाचे तरी फाटके हातमोजे होते, मालाच्या चिठ्ठ्या तशाच चिकटलेल्या होत्या. संजना असे पाठवत नसे. ती चिठ्ठ्या काढून, क्रेट एकात एक बसवून पाठवायची. म्हणजे त्याची लेक आज लाइनवर नव्हती.

नववा महिना लागेपर्यंत ती बाळंतपणाची रजा घेणार नव्हती. हा तर आठवाच.

गाडी मात्र ढिम्म. बुटकी, पिवळी, बिनमाणसाची. फरशीवर चिकटवलेल्या काळ्या पट्टीवरून नाकासमोर यायची आणि स्टोअरमधून माल घेऊन नाकासमोर जायची. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत हेच काम सोमा ट्रॉली ढकलत करायचा. त्याला दर फेरीला दोन मिनिटं जास्त लागायची, कारण तो बोलायचा.

कारभारीने त्याला कधी काही विचारलं नव्हतं. संजनाने आपल्या मनाने लग्न केलं, त्या दिवशी तो सगळ्या भावकीसमोर "मला पोरगी नाय" म्हणून बसला होता. तेव्हापासून दोघं एकाच कारखान्यात असूनही तो नव्या शेडकडे फिरकला नव्हता. सोमाच आपणहून सांगायचा.

"आज पाय सुजलेत तिचे. स्टूल आणून दिला मी."

"मला काय करायचंय?" कारभारी म्हणायचा आणि क्रेट मुद्दाम सावकाश भरायचा. मग घरी बयाबाईला, आपल्या बायकोला, ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटायचा, "त्या सोमाला लय बडबड लागती. कुणाचे पाय सुजले, त्ये बी सांगत बसतो." ताटात न मागता आणखी एक भाकरी पडायची.

गाड्या आल्या आणि कंत्राटदाराने सोमाला कामावरून थांबवलं. तो हरसूलकडे आपल्या पाड्यावर निघून गेला. तिथे त्याचा फोन लागत नव्हता. बयाबाई आता रोज संध्याकाळी नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची आणि तशीच आत जायची.

कारभारीने माल भरला, हिरवं बटण दाबलं. गाडी निघाली. तोही तिच्यापुढे पट्टीवरून चालू लागला. नवं शेड दोनशे पावलांवर होतं. दहा-बारा पावलांवर त्याचे पाय अडले. तिथे जाऊन विचारायचं काय? माझी पोरगी कुठे आहे, असं? त्याला स्वतःची लाज वाटली.

मागे गाडी थांबली होती. "कृपया वाट मोकळी करा," ती म्हणाली. हा वळला, पण हलला नाही.

"कृपया वाट मोकळी करा."

कारभारी खाली वाकला. सोमाला एकदाही न विचारलेलं त्याने त्या पिवळ्या पत्र्याला विचारलं, "कशी हाय ती?"

हर्षाली शेजारच्या गाडीची तपासणी करत होती. या गाड्या बसवायला आलेली ती इंजिनिअर. जुन्या कामगारांपैकी आजवर एकानेही गाडीची साधी चौकशी केली नव्हती. तिला फार बरं वाटलं.

"मस्त आहे, काका!" ती जवळ येत म्हणाली. "परवा जरा गरम होत होती, पण आता तेही थांबलं. तिची काही काळजी करू नका."

ही पोरगी गाडीबद्दल बोलतेय, हे न कळायला कारभारी खुळा नव्हता. तरी त्याचे डोळे भरून आले. तो पट्टीवरून बाजूला झाला. गाडी त्याच्या जवळून निघून गेली, नव्या शेडच्या दारातून आत शिरली आणि दिसेनाशी झाली.

"तरास नाय ना काही तिला?" त्या दाराकडे बघत त्याने विचारलं.

"अजिबात नाही, काका."

"आणखी एकदा सांगा ना, मॅडम," कारभारी म्हणाला.