उघड्या चोची

वन्यजीव वाचवण्यासाठी भरवलेल्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस भाऊजींच्या फोटोला मिळालं. घरट्यात आ वासून बसलेली बुलबुलाची तीन पिल्लं आणि खाली नाव, 'आईची वाट'. येणारा-जाणारा थांबून हळहळत होता, "किती भूक लागलीय बिचाऱ्यांना." तसं भाऊजींच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं.

मेहुणी मात्र पिल्लांच्या वर, रिकाम्या जागेकडे बघत होती. घरात पक्ष्यांचं वेड या दोघांनाच, म्हणून हे घरटं तिनेच मोठ्या कौतुकाने त्यांना दाखवलं होतं.

"भाऊजी, मी दाखवलं तेव्हा यावर पानांचं छप्पर होतं. मला वाकून बघावं लागलं होतं."

"अगं, उजेडच येईना. चार फांद्या छाटल्या. बघ की, कसा लख्ख आलाय."

"आणि आई?"

"दुपारभर घरट्यासमोर ठाण मांडून बसलो. बया फिरकलीच नाही."

मेहुणीचं डोकं सणकलं. शेजारी उभ्या असलेल्या बहिणीने डोळे वटारले, पण आज तिला कुणाची भीड वाटली नाही. सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "या चोची भुकेने उघडलेल्या नाहीत. डोक्यावरची सावली गेली म्हणून उन्हात धापा टाकतायत ही पिल्लं. भाऊजी, यांचा संध्याकाळचा फोटो का नाही लावलात?"