हुकमाचा घास

परवापासून तेजाने वाटीला तोंड लावलं नव्हतं.

तेजा पोलिसांच्या श्वानपथकातला. पुण्यातल्या बेवारस पिशव्या हुंगण्यात त्याचं आयुष्य गेलं आणि बक्षीस म्हणून पुढच्या पायाच्या हाडात कॅन्सर निघाला. माणसांच्या पोरांना होतो, तसाच. जनावरांच्या डॉक्टर नम्रता त्याच्यावर नवं औषध करून बघत होत्या. त्याला ते मानवलं, म्हणून तोच कॅन्सर झालेल्या कर्वेनगरच्या छोट्या जिनतलाही तेच सुरू झालं. तिच्यासाठी दुसरं औषध उरलंच नव्हतं.

जिनतचे वडील मैनुद्दीन रोज दुकान उघडण्याआधी नम्रतांच्या दवाखान्यात येत. लोक दर्ग्यावर जातात, हे कुत्र्याला बघायला येत.

"औषध लिव्हरला बाधलं की आधी अन्न नकोसं होतं," नम्रता म्हणाल्या. "तसं असेल तर थांबवावं लागेल. दोघांचंही. जिनत जेवते ना नीट?"

"ताट चाटूनपुसून! आणि याचं म्हणाल तर, अहो डॉक्टर, याचा माणूस बंदोबस्ताला गेलाय. पोलिसाचा कुत्रा परक्या हातचं खाईल का?"

खरंच होतं. कुणी विष घालू नये म्हणून या कुत्र्यांना तसंच शिकवतात. नम्रतांनी तेजाला सांभाळणाऱ्या हवालदार भीमरावांना बोलावून घेतलं.

भीमराव वर्दीतच आले. तेजाची शेपटी हलली. त्यांनी दूधपोळीचा घास पुढे केला आणि म्हणाले, "खा."

तेजाने खाल्ला. दुसराही खाल्ला.

"बघा! मी काय म्हणत होतो?" मैनुद्दीनना हसू आवरेना आणि रडूही. त्यांनी भीमरावांचा हात धरून दाबला.

नम्रता हसल्या नाहीत. "भीमराव, आता काही न बोलता द्या."

भीमरावांनी तिसरा घास धरला. तेजाने तो नुसता हुंगला. मग मान वर करून तो भीमरावांच्या तोंडाकडे बघत राहिला, हुकूम येईल म्हणून. तोंडातून लाळ गळत होती आणि तिच्याबरोबर आधीचा घास तसाच बाहेर पडला.

"आरं लेकरा," भीमराव खाली बसले. "माझ्यासाठी खात हुतास व्हय रं?"

नम्रतांनी मैनुद्दीनकडे बघायचं टाळलं. मैनुद्दीननी घाईघाईने घरी फोन लावला.

"जिनत जेवली?"

"जेवली की," जिनतची आई शकीला खुशीत होती. "आधी नको नको म्हणत होती. मी म्हटलं, अब्बू सांगून गेलेत. मग एक शब्द न बोलता सगळं खाल्लं पोरीने."