बाभळीवरची घरटी

वास्तुरचनाकार शर्वरीने नकाशावर बाभळीभोवती हिरवं वर्तुळ काढलं. सव्वाशे घरांच्या वसाहतीत हे एक झाड राखायचंच, असं तिने बिल्डरला बजावलं होतं. फांद्यांत, पुरुषभर उंचीवर, काटक्या-गवताची पाच-सहा घरटी होती. बाजूचा कोरडा ओढा मात्र पाइपात घालून बुजवायचा ठरला होता. त्याच्या पात्रात आणि काठावर पांढरी फक्की टाकून प्लॉट आखूनही झाले होते.

जमीन विकलेले म्हातारे गेनबा बांधावर बसले होते.

"बाबा, झाड नाही तोडणार," ती हसून म्हणाली. "पाखरांची घरटी आहेत."

गेनबा उठले. काठीने त्यांनी एक घरटं खाली ओढलं. त्यात कडबा होता, लुगड्याची चिंधी होती, वाळून खडखडीत झालेला गाळ होता.

"पाखरांची न्हाईत ती, बाई. पुराची हायेत. दोन सालांमागं ओढा एवढा आलता."

शर्वरीने मान वर केली. बाकीची घरटीही त्याच उंचीवर होती, एका रेषेत. तिचं हसू मावळलं.

"मग जमीन विकताना बोलला का नाहीत?"

गेनबांनी काठावरच्या फक्कीच्या एका चौकोनाकडे काठी केली. "तितं माजं घर व्हतं. म्हातारी आतच ऱ्हायली. पुराचं सांगायचं, तर तिचंबी सांगावं लागलं असतं."

शर्वरीने नकाशा गुंडाळला. चपला काढून ती काठावर गेली आणि वाकून त्या चौकोनाची फक्की हाताने पुसू लागली. थोड्या वेळाने पाहिलं, तर दुसऱ्या टोकाकडून गेनबाही पुसत येत होते.