खुर्चीवरची कानबाई

घसरून मोडलेला सासूबाईंचा घोटा आठ महिने झाले तरी जुळला नव्हता. हाडं ठिसूळ झालीत, पायावर भार टाकलात तर पुन्हा पहिल्यापासून, असं दरडावून डॉक्टरांनी दुसरं प्लॅस्टर घातलं. त्यात श्रावण आला. डिंडोलीच्या आमच्या गल्लीत कानबाई देवीचा पाट डोक्यावर घेऊन विसर्जनाला निघायचा मान सुरतेत आल्यापासून सासूबाईंचा. यंदा तो माझ्याकडे येणार म्हणून सगळ्यांनी मला सल्लेही देऊन ठेवले होते. विसर्जनाच्या दिवशी, सोमवारी सकाळी सासूबाई जरीची साडी नेसून चाकाच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पाटासाठी हात पुढे केले. "वहिनी, खुर्चीवर बशीसन कानबाई लई जातस का कोनी? सूनले द्या," त्यांचे धाकटे दीर भिकनकाका म्हणाले. "मना पाय मोडेल शे, भाऊ. डोकं नई." मी पाट त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि खुर्ची ढकलायला लागले. पहिल्याच दारात शेजारीण, रीतीप्रमाणे कानबाई नेणारीच्या पायांवर ओतायला, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि प्लॅस्टर पाहून थबकली. सासूबाईंनी चांगला पाय पुढे केला. "याच्यावर टाक, माय. दुसरा सुट्टीवर शे." सगळे हसले. भिकनकाका मात्र गर्दीतून पुढे आले, रस्त्यातच मांडी घालून बसले, आणि पाणी उडू नये म्हणून वहिनीचा प्लॅस्टरचा पाय त्यांनी अलगद आपल्या मांडीवर घेतला.