अ‍ॅसिड कोणी ओतायचं?

"पोरींनो, मागे सरा. लांबून पाहा आणि वहीत लिहा," असं म्हणून सरांनी अ‍ॅसिडची बाटली मुलांच्या टेबलावर ठेवली. दहावीत आम्ही पोरी नऊ जणी, आणि नववीपासून नुसतं लिहूनच राहिलो!

मी उठलेच. "काहून सर? प्रॅक्टिकलच्या परीक्षेत आम्ही काय लांबूनच पाहायचं?"

"तोंडावर उडालं तर लग्न कोण करेल तुझ्याशी?"

पोरं फिदीफिदी हसली. माझं डोकंच फिरलं. "सर, आमच्या घरी पितळी भांडी बनतात. ती उजळायचं तेजाब, म्हणजे हेच अ‍ॅसिड, माझी माय रोज पाण्यात ओतते. आणि तिचं लग्न झालंय!"

"असं? मग उद्या घेऊन ये तुझ्या मायले!"

मी खरंच घेऊन आले. मायनं काचेच्या भांड्यात आधी पाणी घेतलं, मग अ‍ॅसिडची बारीक धार अगदी हळू कडेकडेनं सोडली. एक थेंब उडाला नाही. कालची हसणारी पोरं टाचा उंचावून पाहत होती!

"वा बाई!" सर म्हणाले. "एवढं छान कोणी शिकवलं तुम्हाला?"

मायनं डावा हात सरांच्या नाकासमोर धरला. त्याची दोन बोटं भाजून एकमेकांना कायमची चिकटलेली आहेत.

"शिकवलंच असतं कोणी, तर पहिल्या दिवशी मी तेजाबात पाणी ओतलं नसतं जी."